जुन्या गाडीचं इंजिन ऑइल घरी बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. म्हणजे ज्यांच्यात सेन्सर कमी आणि नट-बोल्ट जास्त, अशा कार आणि मोटारसायकली. दोन्हींत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. इथलं उत्तर आणि तुमच्या गाडीचं मॅन्युअल यांचं जुळलं नाही, तर मॅन्युअलचं ऐका.

गॅरेजमध्ये अर्ध्या तासात होणारं काम घरी कशाला करायचं?

पैसे वाचवायला म्हणाल तर फारसे वाचत नाहीत. पहिल्या खेपेला पाने, नरसाळं, पसरट भांडं घेण्यात उलट जास्तच जातात. खरं कारण वेगळं आहे. जुनी गाडी बरंच काही ऑइलमधून सांगते, आणि गॅरेजमध्ये ते ऑइल थेट ड्रममध्ये जातं, तुम्ही ते बघतसुद्धा नाही. घरी केलंत तर इंजिनातून काय बाहेर आलं ते तुमच्या डोळ्यांसमोर असतं. शिवाय गाडीखाली शिरलातच, तर फाटलेलं रबर बूट, सैल झालेला सायलेन्सरचा क्लॅम्प, नव्याने ओलसर दिसणारं सील हे सगळं आपोआप दिसतं. माझ्या गाडीतले निम्मे बिघाड मला असेच, ऑइल निथळायची वाट बघत पडलेलो असताना सापडले आहेत.

ऑइल किती दिवसांनी बदलायचं?

किलोमीटर किंवा महिने, यातलं जे आधी भरेल ते. जुन्या कारच्या मॅन्युअलमध्ये साधारण ५००० किलोमीटर किंवा ६ महिने असा हिशेब दिसतो. मोटारसायकलला ऑइल कमी मावतं, त्यामुळे अंतरही कमी.

जुन्या गाड्यांच्या मालकांची गफलत बहुतेक महिन्यांच्या बाबतीत होते. ‘वर्षभरात ८०० किलोमीटरच चालली, ऑइल नवंच आहे’ असं वाटतं. पण कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही. ज्वलनात तयार झालेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते बेअरिंग खातं. कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल वर्षातून निदान एकदा बदलाच. गाडी काही महिने उभी करून ठेवणार असाल तर उभी करण्याआधी बदला, बाहेर काढल्यावर नाही. नाहीतर ते आम्ल सगळे महिने आत मुरत बसतं.

ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं का?

नाही. ऑइलमधली डिटर्जंट द्रव्यं काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवतात, म्हणून ते काळं होतं. ते त्याचं कामच आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑइल पहिल्या चक्करीतच काळं होतं. दहा हजार किलोमीटरनंतरही ऑइल सोनेरी दिसतंय असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर मला उलट शंका येते.

डब्यावरच्या १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० या आकड्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. त्यातला डब्ल्यू विंटरचा. तो जितका लहान तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं आणि सकाळी सुरू करताना वरच्या भागापर्यंत पटकन पोचतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरच्या, म्हणजे १०० अंश सेल्सिअसच्या जाडीचा. कंपनीने तुमच्या इंजिनासाठी जो ग्रेड सांगितला आहे तो इंजिनातल्या फटींचा आणि ऑइल पंपाचा विचार करून सांगितलेला असतो.

झिजलेल्या इंजिनात जाडं ऑइल टाकलं तर धूर थांबेल का?

थोडा कमी होईल. गेलेल्या पिस्टन रिंग आणि कडक झालेली व्हॉल्व्ह सील मात्र त्याने परत येत नाहीत. मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिलेले असतील तर त्यातला जाडा निवडायला हरकत नाही. त्याच्याही पलीकडे जाऊ नका. फार जाडं ऑइल थंड इंजिनात वरपर्यंत चढायला वेळ लावतं, आणि सुरू केल्यानंतरचे पहिले काही सेकंद इंजिन जवळजवळ कोरडं फिरतं.

एपीआयच्या एसएल, एसएन, एसपी या अक्षरांत जे पुढचं ते चांगलं ना?

नव्या गाडीसाठी हो. जुन्या गाडीसाठी उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे, आणि इथे नीट समजून घेतलेलं बरं.

एपीआय ही ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था. तिच्या खुणेत पहिलं अक्षर एस असेल तर ते ऑइल पेट्रोल इंजिनाचं, सी असेल तर डिझेलचं. दुसरं अक्षर पिढी सांगतं : एसएल २००१ सालचं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. दर पिढीत ऑइल गाळ कमी धरणारं, जास्त टिकणारं होत गेलं. पण त्याच वेळी एक गोष्ट कमी होत गेली, ती म्हणजे झेडडीडीपी नावाचं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग. धातूवर धातू घासतो तिथे ते पातळ थर तयार करतं आणि झीज अडवतं. मात्र त्यातला फॉस्फरस सायलेन्सरमधल्या, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक असतो, म्हणून त्यावर मर्यादा आली.

नव्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर रोलर फिरतात, त्यांचं अडत नाही. जुन्या कित्येक इंजिनांत कॅम सपाट टॅपेटवर, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणाऱ्या भागावर, घासत जातो. तिथे हे संयुग कमी पडलं तर कॅमचा उंचवटाच झिजतो. मग एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही आणि टॅपेट कितीही सेट केले तरी गाडी ओढत नाही.

यावर उपाय म्हणजे २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० यांसारखे जाडे ग्रेड. फॉस्फरसची ती कडक मर्यादा ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडना आहे, जाड्यांना नाही. जुन्या इंजिनाला मुळात हेच जाडे ग्रेड सांगितलेले असले तर काम सोपं झालं. जुन्या गाड्यांसाठी म्हणून खास जस्त जास्त असलेली ऑइलंही मिळतात. वरून वेगळी पावडर किंवा बाटली ओतायच्या मात्र मी विरोधात आहे. ऑइल बनवणाऱ्याने जे प्रमाण जुळवलंय ते आपण नरसाळ्याने बिघडवायचं कशाला?

आणि डब्यावर एसए किंवा एसबी लिहिलं असेल तर तो डबा परत ठेवा. एसए १९३० च्या आधीच्या आणि एसबी १९५१ च्या आधीच्या इंजिनांपुरतं आहे.

सिंथेटिक टाकलं तर जुनी गाडी गळायला लागते, हे खरं का?

अर्धं खरं. सुरुवातीच्या सिंथेटिक ऑइलमुळे रबरी सील आकसायची, ती तक्रार तेव्हाची आहे. आजच्या ऑइलमध्ये तो दोष राहिलेला नाही. पण तुमच्या गाडीचं सील आधीच चिरलेलं असेल आणि वर्षानुवर्षांच्या गाळाने ती चीर बुजलेली असेल, तर चांगलं ऑइल तो गाळ धुऊन काढतं आणि गळती उघडी पडते. गळतीचं मूळ सीलमध्येच असतं. तरीही चांगली चाललेली, खनिज तेलावर वाढलेली साधी गाडी असेल तर मी खनिजच वापरतो आणि वेळेवर बदलतो.

खनिज आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळलं तर काही स्फोट होत नाही. अडीअडचणीला टॉप-अप करता येतं. अपवाद एरंडेल तेलापासून बनवलेल्या रेसिंग ऑइलचा. ते खनिज ऑइलशी जमवून घेत नाही.

कारचं ऑइल मोटारसायकलला चालेल?

बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि त्यांनी क्लच प्लेटा घसरायला लागतात. डब्यावर जासो (JASO, जपानी मानक) एमए लिहिलेलं बघून घ्या. एमबी हे ज्यांचा क्लच कोरडा असतो अशा गिअरलेस स्कूटरसाठी आहे.

माझी स्कूटर टू-स्ट्रोक आहे. तिचं इंजिन ऑइल कुठून काढायचं?

काढायला काही नाहीच. तिचं इंजिन ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं. बदलायचं असतं ते गिअरबॉक्सचं, आणि तिथे एक नियम पाळा : आधी भरायचा नट उघडून बघा, मग काढायचा. गिअर ऑइल सगळं सांडून झाल्यावर भरायचा नट गंजून बसलाय हे कळलं, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

सामान काय काय लागेल?

इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरच्या, ऑइल काढायच्या नटाच्या मापाचा रिंग पाना किंवा सहा पैलूंचा सॉकेट (फिक्स पान्याने जुन्या नटाचे कोपरे गोल होतात), नवा फिल्टर, नवा वायसर, ऑइल, नरसाळं, फडकी, हातमोजे आणि गाडीत मावणाऱ्या ऑइलपेक्षा मोठं पसरट भांडं. ‘मोठं’ यावर जोर आहे. साडेतीन लिटर ऑइल चार लिटरच्या भांड्यात काठोकाठ येतं, आणि काठोकाठ भरलेलं भांडं गाडीखालून सरकवत बाहेर काढणं ही सर्कस असते.

जुन्या मोटारसायकलींत कागदी फिल्टर नसतोच. जाळी असते आणि काहींत सेंट्रीफ्यूगल फिल्टर. जाळी पेट्रोलने धुऊन, वाळवून परत बसवतात.

गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकवर चालेल का?

नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकचं एक सील गेलं की गाडी आवाज न करता खाली येते. सपाट, कडक जमिनीवर गाडी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा, उचला आणि दोन्ही बाजूंना स्टँड द्या. विटांवर ठेवू नका. वीट एका क्षणात फुटते. खाली शिरण्याआधी गाडीला खांद्याने जोरात ढकलून बघा. हलायची असेल तर तेव्हाच हलू दे. जुनी उंच गाडी असेल तर उचलण्याची गरजही पडत नाही, आणि न उचलता हात पोचत असेल तर उचलूच नका.

इंजिन गरम असताना काढायचं की थंड?

कोमट असताना. पाच-सात मिनिटं चालवा, मग दहा मिनिटं थांबा. थंड ऑइल हळू निथळतं आणि गाळ तळाशीच राहतो. लांबून आल्या आल्या उघडलंत तर ऑइल ९०-१०० अंशांवर असतं आणि ते मनगटावरून कोपरापर्यंत उतरतं.

नट सुटतच नाही. काय करू?

आधी खात्री करा की तुम्ही तो आवळत नाही आहात. हसू नका. उताणं पडून वर हात करून फिरवताना दिशा उलटी वाटते आणि भले भले चुकतात. नटाच्या डोक्याकडे सरळ बघा आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. तरी हलत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा, मग लांब दांड्याने सावकाश, एकसारखा जोर द्या. हातोडी मारायची वेळ आली तर त्याआधी थांबून विचार करा, चेंबर अॅल्युमिनियमचा असेल तर दोनदा.

नट सैल झाला की पाना बाजूला ठेवा. बोटांनी फिरवताना नट आतल्या बाजूला दाबून धरा, शेवटचा आटा सुटल्याचं बोटांना कळेल, आणि मग एका झटक्यात हात बाजूला घ्या. भांडं नटाच्या सरळ खाली नको, जरा पुढे ठेवा, कारण पहिली धार तिरकी उडते. नट भांड्यात पडलाच तर चुंबकाने काढा.

फिल्टर बदलताना सगळ्यात मोठी चूक कोणती?

जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहणं. हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा घाईत जुना फिल्टर काढला, रिंग आली की नाही ते बघितलं नाही, नवा फिरवून बसवला. सुरू केल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा विझला, मी खूश. गाडीला जरा रेस दिली आणि दोन रिंगांच्या फटीतून ऑइलची चादरच बाहेर आली. तीन लिटर नवंकोरं ऑइल जमिनीवर, आणि पुढचे दोन तास मी लाकडाचा भुसा टाकत आणि झाडत होतो. तेव्हापासून जुना फिल्टर हातात आला की आधी त्याच्या तोंडावर बोट फिरवतो, रिंग तिथे आहे का बघतो आणि मगच पुढे.

नव्या फिल्टरच्या रिंगेला नव्या ऑइलचं बोट लावा. हाताने फिरवत रिंग टेकू द्या, आणि टेकल्यावर साधारण पाऊण फेरा. पान्याने आवळू नका. पाना फक्त काढण्यासाठी. फिल्टर तोंड वर करून बसत असेल तर तो आधी ऑइलने भरून घ्या.

वायसर दर वेळी नवा लागतो का?

तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा असेल तर हो. तो चेपूनच सील करतो, एकदा चेपला की संपला.

नट किती आवळायचा?

वाटतं त्यापेक्षा कमी. छोट्या कारना बहुधा २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि शक्य असेल तर टॉर्क पाना वापरा. तो नसेल तर आखूड दांड्याचा पाना घ्या, म्हणजे जास्त जोर लागणारच नाही. सुरुवातीचे आटे नेहमी बोटांनी लावा. नट तिरका बसला आणि पान्याने रेटला की चेंबरचे आटे गेलेच. मागच्या मेकॅनिकने आधीच वाट लावून ठेवलेली असेल, नट आवळता आवळता मऊ लागत असेल, तर तिथेच थांबा. आटे नव्याने पाडून आत स्प्रिंगसारखी वेटोळी बसवून घेता येतात, चेंबर बदलावा लागत नाही.

मॅन्युअलमध्ये साडेतीन लिटर लिहिलंय. सगळं ओतू?

तीन ओता, दोन मिनिटं थांबा, गेज (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) बघा. जुनं ऑइल कधीच पूर्ण निघत नाही आणि फिल्टरसह आणि फिल्टरशिवायचे आकडेही वेगळे असतात. बऱ्याच कारमध्ये गेजवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे एक लिटरचा फरक असतो, त्या अंदाजाने भरत जा. मोटारसायकलींत गेज नुसतं टेकवून बघायचं की आटे फिरवून, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. गाडी मात्र सरळ उभी हवी.

जास्त झालं तर ‘असू दे’ म्हणू नका. फिरता क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. काढून टाका.

पहिल्यांदा सुरू करताना काही काळजी?

जुन्या गाडीत ही चैन आहे : इग्निशन न देता इंजिन फिरवता येतं. कारमध्ये कॉइलची मुख्य वायर काढून बॉडीला टेकवा आणि दोन-तीनदा थोडं थोडं सेल्फ मारा. मोटारसायकलला चावी बंद ठेवून दहा-बारा किका. ऑइल वर चढतं. मग सुरू करा, रेस न देता. दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा सेकंदांत नाही विझला तर बंद करा आणि कारण शोधा. विझला तर टॉर्च घेऊन नट आणि फिल्टरकडे बघा, बंद करून पाच मिनिटांनी गेज पुन्हा बघा.

काढलेल्या ऑइलमधून काय कळतं?

बरंच. घाई न करता भांडं उजेडात घ्या.

पेट्रोलचा वास येतोय आणि पातळी वाढलेली होती? मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. तो पंप इंजिनाला चिकटूनच असतो, त्यामुळे पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. मोटारसायकलमध्ये पेट्रोलचा कॉक उघडा राहिला आणि कार्ब्युरेटरची सुई गळत असली तरी तेच होतं. असं ऑइल बदलून भागत नाही, कारण राहिलं तर आठवड्यात पुन्हा तेच.

भरायच्या झाकणाखाली पांढुरका फेस असेल आणि ऑइल मात्र ठीक दिसत असेल, तर ती बहुधा छोट्या चकरांची वाफ. सगळं ऑइलच पांढुरकं असेल तर कूलंट आत येतंय, हेड गॅस्केट बघावं लागेल. गाडी चालवू नका.

मग चमक. काही नटांना आतून चुंबक असतं, त्यावर करड्या मलमासारखा बारीक थर असणं नेहमीचं आहे. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण नेहमीचे नाहीत. चुंबकाला न चिकटणारी तांबूस, पितळी चमक दिसली तर बेअरिंग किंवा बुश झिजतंय. पांढरी चमक अॅल्युमिनियमची, म्हणजे पिस्टनकडे संशय. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघितलात तर हेच जास्त स्पष्ट दिसतं. एकदा बघून घाबरू नका. पुढच्या खेपेला वाढलंय का ते बघा.

इंजिन फ्लश करून घेऊ का?

वर्षानुवर्षं दुर्लक्षित इंजिनात नको. सुटलेला गाळाचा गोळा ऑइल पंपाच्या जाळीवर बसला तर इंजिन उपाशी मरतं. त्यापेक्षा साधं चांगलं ऑइल घाला, हजार किलोमीटरला फिल्टरसकट बदला, पुन्हा एकदा तसंच करा.

जुन्या ऑइलचं काय करायचं?

रिकाम्या झालेल्या नव्या डब्यातच भरा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला किंवा केंद्राला द्या. त्याचं शुद्धीकरण होऊन पुन्हा ऑइल बनतं. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल मिसळू नका, नाहीतर कोणी घेत नाही. गटारात, मातीत, तणावर, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, कशासाठीच नाही. त्यात जड धातू आणि कर्करोगकारक घटक असतात. म्हणूनच हातमोजे, आणि तेलकट फडकं पँटच्या खिशात खुपसायची सवय सोडायची. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवा, त्यातून बरंच निघतं.

नोंद कुठे ठेवायची?

वही हरवते. मी तारीख आणि किलोमीटर मार्करने फिल्टरवरच लिहितो, बसवण्याआधी, दिसेल त्या बाजूला.